घारीसाठी मॉनिटर

४ मार्च

सकाळीच प्रकाशकबाईंचा फोन. आवाज नेहमीपेक्षा गोड होता, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. शब्दकोशाच्या पहिल्या खंडाची जी पानं आम्ही तपासून दिली, त्यांत चुका राहिल्यात. एकदोन नव्हे, जवळजवळ प्रत्येक पानावर. "तुमच्याकडून असं कधी झालं नाही हो," असं चारदा म्हणाल्या. मग हळूच पिल्लू सोडलं, की पुढच्या पानांचंही असंच झालं तर काम दुसऱ्यांकडे द्यावं लागेल. कोश रचणारे सर आता थकलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक निघायला हवं, थांबायला वेळ नाही.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आमच्या यांना सगळा छापखाना 'घार' म्हणतो. उलटा पडलेला स्वल्पविरामसुद्धा यांच्या नजरेतून सुटत नाही अशी ख्याती. आणि पद्धतही आमची पक्की, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनची. टेबलाच्या या बाजूला मी मूळ प्रत घेऊन मोठ्याने वाचायचं, समोर बसून यांनी छापलेल्या पानावर नजर फिरवायची. मी वाचते त्याहून वेगळं काही छापलेलं दिसलं की टेबलावर टिचकी. टिचकी वाजली की मी थांबायचं. या टिचक्यांवर आमचं घर उभं राहिलं, लेकीचं लग्न झालं. गेल्या वर्षापासून बाई कागद पाठवत नाहीत, पानं थेट लॅपटॉपवर येतात. तेव्हापासून मूळ प्रत माझ्या हातात आणि लॅपटॉप यांच्या पुढ्यात.

फोन ठेवला आणि यांना सांगितलं. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, लॅपटॉपवर अक्षरं धुरकट दिसतात.

अहो, मग आधी सांगायचं नाही का! मी किती घाबरले होते! मला तर त्यावर बरं दिसतं, पण मी काही घार नाही, मला चालून जातं. यांच्या नजरेला ते अक्षर पुरत नाही, एवढंच. म्हणजे रोग कळला आणि औषध बाजारात मिळतं. मोठा, चांगला मॉनिटर आणायचा आणि लॅपटॉपला जोडायचा. संपला विषय. आज पोळ्या लाटताना गुणगुणत होते मी.

६ मार्च

जावईबापूंना फोन लावला. त्यांचा उद्योगच संगणकाचा. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत एक नाव सांगतील. तासभर बोललो! इतकं काही असतं त्यात हे मला ठाऊकच नव्हतं.

मॉनिटर मोठा असला म्हणजे अक्षर स्पष्ट दिसतं असं नाही. भगभगीत उजेड असला म्हणजे तर मुळीच नाही. अक्षर ठिपक्यांचं बनतं, आणि एका इंचात किती ठिपके बसवलेत यावर सगळा खेळ. मी म्हटलं, म्हणजे तेवढेच मटार ताटलीत पसरले तर खच्चून बसतात आणि परातीत पसरले तर मधे मधे मोकळं दिसतं, तसंच ना? ते हसले आणि म्हणाले, आई, आता हे उदाहरण मी ऑफिसात वापरणार. मला काय मूठभर मांस चढलं म्हणून सांगू!

तर हवा तो सत्तावीस इंची, चार हजार ठिपक्यांच्या जातीचा. त्याला फोर-के म्हणतात. सत्तावीस इंचांतच पण जुन्या जातीचा घेतला तर अनुस्वार चौकोनी दिसेल. पृष्ठभाग चकचकीत नको, खिडकी त्यात दिसते. फार खरखरीतही नको, पांढऱ्यावर वाळू पसरल्यासारखी वाटते. वायरसुद्धा बघून घ्यायची, जुनी वायर लावली तर माउसचा बाण अडखळत चालतो.

शेवटी त्यांनी विचारलं, बाबांचे डोळे तपासलेत का एवढ्यात? म्हटलं, तपासलेत की. मागच्या वर्षी स्वतः जाऊन नवा चष्मा करून आले. घारीचे डोळे तपासा म्हणे! जावई आहेत म्हणून हसून सोडून दिलं.

आणखी एक लिहायचंय. लिहू की नको? लिहिते, कोण वाचतंय. संध्याकाळी भाजी निवडत बसले होते. वर पाहिलं तर हे माझ्याकडे बघतायत. सरळ नाही, मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. लग्न ठरल्यावर चारचौघांत असंच चोरून बघायचे. हल्ली बरेचदा बघतात. म्हटलं, काय आहे? तर म्हणाले, काही नाही, बघतोय. या वयात! मी भाजी घेऊन आत निघून गेले, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

७ मार्च

भिंगातून लॅपटॉपवरचा 'ष' पाहिला. बाई गं, कडेला पायऱ्या पायऱ्या! आता मला भिंगाशिवायही त्या दिसायला लागल्या आहेत. जावईबापूंनी डोक्यात किडा सोडून दिला.

९ मार्च

आज सुताराला बोलावलं होतं. आठवडाभर यांची एकच टकळी, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकली आहे, मधे पोट आलंय. मला काही दिसत नव्हतं, पण म्हटलं, यांची नजर, असेल बाबा. सुताराने ओळंबा सोडला, आडवी पट्टी लावून पाहिली. चौकट अगदी सरळ. यांनी जवळ जाऊन वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि खोलीत गेले. सुताराला चहा पाजून पाठवलं. उगीच त्या माणसाचा वेळ गेला.

वय होतंय, दुसरं काय. पेपरही हल्ली स्वतः वाचत नाहीत. तू वाच, तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते म्हणतात. कौतुकाने सांगतात म्हणून मीही वाचते, अग्रलेखासकट.

१२ मार्च

दुकान! काय दिवस गेला!

कोशाचं एक पान पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते. दुकानात शिरलो तर भिंतभर मॉनिटर आणि सगळ्यांवर एकच पोपट. रंगीबेरंगी पिसं, मागे धबधबा. टाय लावलेला एक विक्रेता आला आणि रंग किती जिवंत आहेत ते सांगू लागला. मी म्हटलं, दादा, तुमचे पोपट ठेवा बाजूला, आम्हाला अक्षरं बघायची आहेत. आधी त्याचा चेहरा पडला, पण पान लावून दिलं बिचाऱ्याने. आणि मग मी पर्समधून भिंग काढलं! आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. बघू देत.

पहिल्यावर अक्षरांना निळसर-तांबडी किनार. नापास. दुसऱ्यावर 'क्ष' चिखलात पडल्यासारखा. नापास. तिसरा फोर-के, सत्तावीस इंची. अहाहा! सर्वांत बारीक टाइपातला ऱ्हस्व उकार असा वळलेला, जणू आत्ताच कोणी बोरूने काढलाय. भिंगातूनही पायऱ्या नाहीत. जागच्या जागी उड्या माराव्याशा वाटल्या.

यांना प्रत्येकासमोर उभं केलं. पहिला कसा आहे? बरा आहे. दुसरा? बरा आहे. मी चिडले. बाजारात हापापल्यासारखी मीच फिरतेय आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना काही पडलेलीच नाही! तिसऱ्यासमोर उभे राहिले, मान इकडे तिकडे केली आणि म्हणाले, "हा वाकडा आहे. मधे खड्डा पडलाय."

टायवाल्याने समजूत घातली की वाकडा, म्हणजे कमानीसारखा वळवलेला मॉनिटर असतो, पण तो पलीकडे ठेवलाय, हा अगदी सपाट आहे. हे म्हणाले, नाही, हाच वाकडा आहे. शेवटी त्याने एका खोक्याची कड आणून पडद्यावर टेकवून दाखवली. तसूभरही फट नाही. मला इतकं ओशाळं झालं! म्हटलं, यांना जरा चेष्टेची सवय आहे. टायवाला हसला. हे हसले नाहीत.

घरी येताना रस्ता ओलांडायच्या आधी माझा हात धरला. मी रागात होते, पण सोडवून नाही घेतला.

१३ मार्च

आज थोडं खरं लिहिते. हा मॉनिटर मला कोणासाठी हवाय? यांच्यासाठी म्हणत म्हणत मीच नादावलेय. सकाळी उठल्याबरोबर ठिपके, जेवताना ठिपके. यांना विचारलं तर म्हणतात, तू ठरव. असं हे आधी कधी म्हणत नसत. आधी पेन घ्यायचं तरी चार दुकानं पालथी घालायचे.

मनात एक शंका येऊन गेली. यांचं मन उडालंय का कामावरून? की माझ्यावरून? छे. चोरून बघणं चाललंय ते काय मग.

आणि काम गेलं तर? पैशाचं सोडा, लेक-जावई आहेत. पण सकाळी नऊ वाजता मी या खुर्चीत आणि हे त्या खुर्चीत, हे नसलं तर दिवस सुरू कुठून करायचा? मला तर सुचतच नाही. म्हणून मॉनिटर यायलाच हवा. ठरलं.

१६ मार्च

आला! आला! आला!

खोकं मीच उघडलं. थर्माकोलचे कण अजून केसांत आहेत. जावईबापू फोनवरून सांगत होते आणि मी टेबलाखाली शिरून वायरी लावत होते. पहिल्यांदा सगळं इतकं बारीक दिसलं की मुंग्यांची रांग. मग त्यांनी सांगितलं, सगळं नेमकं दुप्पट करा, मधलं माप घेतलं तर कडा पुसट होतात. दुप्पट केलं आणि कोशाचं पान उघडलं. काय सांगू! खरोखर छापलेला कागद उजेडात धरावा तसं. मी नुसती बघत बसले. नंतर उगीचच वाचत बसले, 'ओंजळ'पासून 'ओहोळ'पर्यंत.

लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, म्हणजे टेबलावर अडचण नको. यांना वेगळा कीबोर्ड दिलाय, पान उलटायला. उद्या सकाळपासून काम सुरू.

यांनी मॉनिटरच्या कडेवरून दोनदा बोटं फिरवली आणि म्हणाले, छान आहे गं, खूप खटपट केलीस. डोळ्यांत पाणी होतं की काय यांच्या? मीही जरा हळवी झाले.

१७ मार्च

हे दुपारी लिहायला घेतलं होतं ते आधी तसंच ठेवते.

आज अख्खी सकाळ एकही टिचकी नाही! पान उलटतंय, मी वाचतेय, हे "हं, हं" म्हणतायत. मधे विचारलं, दिसतंय ना नीट? म्हणाले, पाण्यासारखं स्वच्छ. म्हणजे बघा, अक्षर स्पष्ट झाल्याबरोबर काम कसं सरकायला लागलं. छापखान्यानेही या वेळी पानं चांगली काढलेली दिसतायत. चहानंतर प्रकाशकबाईंना फोन करून सांगणार आहे, की आता बिनधास्त राहा.

इथपर्यंत लिहून उठले, चहा ठेवला. म्हटलं, तो उकळेपर्यंत आपला मॉनिटर पानासकट कसा दिसतो ते तरी बघू. मी नेहमी समोर बसणार, तेव्हा यांच्यापुढे काय असतं ते मला कधी दिसत नाही. टेबलाला वळसा घालून यांच्या मागे उभी राहिले.

मॉनिटरवर पान नव्हतं. नुसता राखाडी पडदा, कोपऱ्यात घड्याळ. पान उघडलं होतं ते लॅपटॉपवर, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. रात्री बंद करून सकाळी चालू केल्यावर ते तिकडे जाऊन बसलं असणार. सगळी सकाळ हे इकडे कळ दाबत होते आणि तिकडे भिंतीपुढे पानं उलटत होती. हे राखाडी पडद्याकडे बघून मला "हं, हं" म्हणत होते.

मी परत माझ्या खुर्चीत येऊन बसले. मग विचारलं, "अहो, समोर काय दिसतंय?"

"पान."

"आणि पानाच्या वर? मी दिसते?"

यांनी मान थोडी वळवली, त्या तिरक्या नजरेने माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "असं बघितलं की दिसतेस. केस दिसतात, कान दिसतात. सरळ बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी धूर असतो."

"कधीपासून?"

"उजवा डोळा मागच्या वर्षी गेला. वाटलं, डाव्यावर भागेल. आता तोही तसाच व्हायला लागलाय."

चहा उतू गेला. कोणीच उठलं नाही.

१८ मार्च

काल खूप बोलले मी यांना. नको नको ते बोलले. वर्षभर माझ्याशी खोटं बोललात, मला दुकानात नाचवलंत, सुताराला बोलवायला लावलंत, सरांच्या आयुष्यभराच्या कोशाशी खेळलात. चुका माझ्या आवाजाआड लपवल्यात. हे सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर म्हणाले, "नवा चष्मा करायला गेलो तेव्हाच त्या माणसाने सांगितलं होतं, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. नाही दाखवलं. दाखवलं असतं तर त्यांनी काम बंद करा म्हणून सांगितलं असतं. मग तू समोर बसून कोणासाठी वाचशील?"

मी म्हटलं, मग मला मॉनिटर कशाला आणायला लावलात?

"तू इतक्या खात्रीने सांगत होतीस. मला वाटलं, खरंच दिसेल."

यावर मला रागावताही येईना. आणि ते तिरकं बघणं! मी काय काय समजत होते, आणि इथे मागच्या पानांवर लिहूनही ठेवलंय. लाज वाटली आणि रडूही आलं. हेही सांगितलं यांना. तर म्हणाले, बघायचो तुलाच ना, दुसऱ्या कोणाला बघत होतो का?

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जावईबापूंनीच वेळ ठरवली. एका शब्दानेही 'मी म्हटलं होतं' म्हणाले नाहीत, गुणी माणूस.

१९ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. चौकटी चौकटींचा एक कागद दाखवून विचारलं, रेघा कशा दिसतात? हे म्हणाले, मधे खड्डा पडलाय. मी खाली बघितलं.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, जिथे नजर एकवटते ती मधलीच जागा बिघडली आहे. कडेचं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं. वाचणं आणि चेहरे ओळखणं जातं. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. डाव्यात इंजेक्शनं देत राहायची, म्हणजे आहे ते टिकेल, कदाचित थोडं सुधारेलही. आणखी काही महिने अंगावर काढलं असतं तर तोही गेला असता. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मलाच घेरी आली, यांनी माझा हात धरला.

निघताना मी विचारलं, यांना परत वाचता येईल का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्वीसारखं नाही. पण अक्षर पुरेसं मोठं करून दिलं आणि जवळ आणलं तर एकेक शब्द वाचता येईल. काळ्यावर पिवळं करून बघा.

मोठं करून! मी दारातच थबकले. डोक्यात चक्रं सुरू झाली माझ्या.

२३ मार्च

पहिलं इंजेक्शन झालं. हे धीराचे निघाले.

मग प्रकाशकबाईंकडे गेलो. मी बोलणार होते, पण यांनी मला गप्प केलं आणि स्वतः सगळं सांगितलं. लपवलं तेही सांगितलं. प्रकाशकबाईंनी समोरची पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, पुढचे खंड मी दुसऱ्यांना दिलेत, ते आता फिरवता येणार नाही. पहिल्या खंडाचा उरलेला भाग, 'ख'ची पानं, तुमच्याकडे ठेवते, पण एकही चूक राहिली तर मला सरांना तोंड दाखवता येणार नाही. हे म्हणाले, मलाही.

पायऱ्या उतरताना यांचा चेहरा उतरलेला होता. पुढचे खंड गेले. आयुष्यात पहिल्यांदा यांच्याकडून काम काढून घेतलं कोणी. मी म्हटलं, उरलंय ना थोडं? चला, दुकानात जाऊ.

२४ मार्च

टायवाल्याने मला लांबूनच ओळखलं, आणि माझ्याआधी त्यानेच पोपट बंद केले!

या वेळी त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, मग आजी, तुमचं आधीचं गणित बदललं. बदललंच की! तेव्हा बारीक अक्षर स्पष्ट हवं होतं. आता एकेक अक्षर तळहाताएवढं करायचं. मला वाटलं होतं, एवढं मोठं केल्यावर कोणताही मॉनिटर चालेल. कसलं काय! साध्या मॉनिटरवर मोठं केलेलं अक्षर कडेला असं फाटतं की वेलांटी कुठे संपते ते कळत नाही, आणि यांना तर उरलेल्या एवढ्याशा नजरेने ती कडच धरायची असते. म्हणजे ठिपके दाट हवेतच, आणि आकारही मोठा हवा. शिवाय मॉनिटर टेबलाला अडकवलेल्या लवचीक धातूच्या हातावर बसवायचा, म्हणजे हवा तेव्हा ओढून तोंडाजवळ आणता येतो.

मुख्य म्हणजे आज हे खरं बोलत होते. एकेका मॉनिटरपुढे बसायचे, नाक टेकेल इतकं जवळ जायचे, मान वळवायचे आणि सांगायचे. नाही दिसत. नाही दिसत. चकाकी येते, नाही दिसत. प्रत्येक 'नाही' टोचत होतं, तरी मागच्या वेळच्या 'बरा आहे'पेक्षा हे कितीतरी बरं वाटत होतं मला. टायवाल्यानेही कंटाळा केला नाही. प्रत्येक वेळी उजेड कमी-जास्त करायचा, रंग उलटे करायचा, पुन्हा विचारायचा.

बत्तीस इंची, फोर-के, न चकाकणाऱ्या पृष्ठभागाचा. काळ्यावर पिवळी अक्षरं. हे बसले. मान वळवली, थोडी आणखी वळवली. आणि हे हळूहळू म्हणाले, "ओ... ल... ओलावा."

समोर 'ओलावा'च होतं! मी टायवाल्याचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. सत्तावीस इंची परत घ्यायला त्याने खळखळ केली नाही.

२ एप्रिल

नवा मॉनिटर बसला. आता समोरासमोर बसणं बंद. हे पडद्याला चिकटून, मी शेजारी मूळ प्रत घेऊन. आणि काम उलटं. हे मोठ्याने वाचतात, मी मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकते. पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. हे घामाघूम. एकेका जोडाक्षराला थांबतात, ओळ सुटते, पुन्हा शोधतात. माझी जीभ शिवशिवते, पण मी बोलत नाही. यांचा वाचतानाचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता इतक्या वर्षांत. जाडसर आहे, छान आहे.

६ एप्रिल

वेग वाढलाय! आज दुपारपर्यंत पूर्ण पान. मी प्रकाशकबाईंना उगीचच फोन केला, काही काम नव्हतं, नुसतं सांगायला.

९ एप्रिल

आज 'खळगा' या शब्दापाशी होतो. हे वाचत होते. "जमिनीतील लहान खड्डा. खोलगट जागा. खोलगट जागा."

मी म्हटलं, अहो, ते वाचलंत. पुढचं घ्या.

यांनी मान वळवली, पडदा आणखी जवळ ओढला आणि पुन्हा वाचलं. "खोलगट जागा. खोलगट जागा."

मला वाटलं, सकाळपासून जास्त झालं यांना, नजर घसरतेय, मागच्या शब्दावरच परत जातेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दमवू नका. मी मूळ प्रत मिटली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "राहू द्या आता. दमलात तुम्ही. चहा टाकते."

"मी दमलो नाही," हे म्हणाले. "दोनदा छापलंय. ऊठ आणि बघ."

उठले. यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काळ्या पडद्यावर तळहाताएवढी पिवळी अक्षरं. 'खोलगट जागा.' आणि पुढे पुन्हा 'खोलगट जागा.'

दोनदाच छापलेलं होतं. यांना दिसलं होतं आणि मी मानलं नव्हतं. यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवून तशीच उभी राहिले. हे म्हणाले, खूण कर, पुढचा शब्द घ्यायचाय.